ताकदीच्या गोळ्या

प्रोस्टेट हा विषय चकलीच्या ताटाशेजारी मांडून वाचायचा नव्हे, एवढं मलाही कळतं. पण दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "तुमच्या कामातलं लिहा," आणि माझ्या कामात दुसरं फारसं काही नव्हतं. बत्तीस वर्षं मी कोल्हापुरात एका सर्जनच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. त्यातली निम्मी वर्षं म्हाताऱ्या माणसांना लघवी कधी होते याची वाट बघण्यात गेली. लाज वाटत असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. साठी जवळ आलेल्यांनी मात्र उलटू नये, त्यांच्या फायद्याचं आहे.

आधी भानगड काय ते सांगतो. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीपेक्षा जरा मोठी अशी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. लघवीची नळी बरोबर तिच्या मधून जाते. एखाद्या गवंड्यानं असं काम केलं असतं तर आम्ही त्याला वाडीवस्तीवर उभा केला नसता, पण इथं गवंडी देव, बोलणार कुणाला? पन्नाशी-साठीनंतर ही ग्रंथी वाढायला लागते, नळी आवळते आणि माणूस मोरीत भिंतीकडं बघत उभा राहतो. ती पोसते कशावर, तर पुरुषाच्या अंगातल्या पुरुषी हार्मोनवर. मिसरूड फुटायला जे लागतं तेच. ते तयार होतं वृषणांत.

आमचे डॉक्टर निपाणीकडचे जैन, अंगानं काडी, आवाज इतका हळू की पेशंटला वाटायचं डॉक्टरच आजारी आहेत. ते हे सगळं शुद्ध पुस्तकी मराठीत समजावून सांगायचे. पेशंट मान डोलवायचा आणि बाहेर येऊन मला विचारायचा, "काय म्हणला ओ डाक्टर?" मग मी सांगायचो, "लहानपणी ठेचून खच्ची केलेल्या बैलाला हा आजार होत न्हाय. आलं ध्यानात?" शेतकरी माणसाच्या लगेच ध्यानात यायचं. एवढं यायचं की एक जण तिथूनच उठून गेला, चपला आमच्याकडंच राहिल्या.

मलकापूरचे एक पावणं नळी घालून एसटीनं गावी निघाले होते. नळीची बाटली त्यांनी कापडी पिशवीत ठेवलेली. शेजारचा प्रवासी वाकून बघतोय आणि विचारतोय, "काकवी हाय व्हय? कुठल्या गुऱ्हाळाची?" पावण्यांनी लाजेखातर गुऱ्हाळाचं नाव सांगितलं. त्यावर शेजाऱ्यानं वाटीभर मागितली. पावणं बांबवड्यालाच उतरले आणि पुढच्या गाडीनं गेले.

तर ग्रंथी नुसतीच वाढली असेल तर ती काढून टाकायची. काढलेली गाठ स्टीलच्या वाटीतून नातेवाइकांना दाखवायची पद्धत होती, आणि ती दाखवण्याचा मान माझा. वॉर्डात म्हाताऱ्यांची त्यावरून ईर्ष्या चालायची. "माझी केवढी निघाली?" "लिंबाएवढी." "आणि त्या खाटेवरल्याची?" "पेरूएवढी." की हा दिवसभर तोंड पाडून बसायचा.

पण वाढ दोन तऱ्हेची. दुसरी तऱ्हा कॅन्सरची, आणि ती हाडांत उतरते. त्या काळी त्याला दोनच उपाय आमच्या हातात होते. एक, पुरुषी हार्मोन जिथं तयार होतं ते वृषणच काढून टाकायचे. दुसरा, बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या रोज खायच्या, म्हणजे शरीर पुरुषी हार्मोन करायचं थांबवतं. खाणं तुटलं की रोग बसतो. कायमचा जात नाही, पण वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं माणूस हिंडतोफिरतो. गोळ्यांनी पुरुषाची छाती वाढते, बोंडं दुखतात. हे पेशंटला आधी सांगावं लागतं. सांगायचं काम माझं होतं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. पेठेतल्या एका तालमीचे वस्ताद दवाखान्यात आले. तालमीचं नाव सांगत नाही, तिथली पोरं अजून हयात आहेत आणि त्यांचे हात अजून जड आहेत. वस्ताद सत्तरीला टेकलेले, कान मोडलेले, मान म्हणजे खांब. जन्मभर ब्रह्मचारी. थोरली विधवा बहीण, तिला सगळी पेठ आक्का म्हणायची, ती त्यांचा स्वयंपाक बघायची. वस्तादांनी घसा खाकरला तर गल्लीतली सायकल थांबायची. मी स्वतः पोरपणी त्यांच्या तालमीत चार दिवस जाऊन पाचव्या दिवशी पळून आलो होतो, आणि ते त्यांनी कधी विसरू दिलं नाही.

लघवी अडते आणि कंबर दुखते, एवढीच तक्रार. डॉक्टरांनी तपासायला कुशीवर झोपवलं. प्रोस्टेट तपासायची ती मागच्या बाजूनं, बोटानं. डॉक्टर मागं गेले मात्र, वस्ताद गरकन वळले आणि डॉक्टरांचं मनगट त्यांच्या मुठीत. कुस्तीत मागून धरतात तसला डाव समजून ते मला ओरडले,

"ए सदा! ह्यो कब्जा घ्यायला लागलाय की रं!"

"वस्ताद, सोडा! तपासायलेत ते!"

"माझ्या मागं आजवर कोण गेलेलं न्हाय."

डॉक्टर पांढरेफटक. शेवटी मी वस्तादांचे दोन्ही हात धरून समोर बसलो, म्हणजे मला वाटलं मी धरलेत, आणि तपासणी झाली. बोटाला गाठ दगडासारखी लागली. एक्स-रेत कंबरेच्या हाडांवर पांढरे डाग आले. रक्त मिरजेला पाठवलं, तेही तसंच आलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सदाशिव, कॅन्सर हाडांत गेला आहे. ऑपरेशनचं एकदम बोललो तर ते परत येणार नाहीत. गोळ्या सुरू करू. पण त्या कसल्या आहेत, काय होईल, सगळं नीट सांगा. हे महत्त्वाचं आहे."

मी पुडी बांधली आणि बाहेर आलो. वस्ताद बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर. बाक त्यांना पुरत नव्हता.

"कसली गोळी हाय?"

आता तुम्हीच सांगा. ज्यानं पन्नास वर्षं लंगोट कसला, ज्याच्या तालमीच्या दारातनं बाईमाणूस जाताना पदर सावरून जायचं, त्याला मी सांगायचं, वस्ताद, ही बायकांच्या हार्मोनची गोळी आहे, तुम्हाला थानं येतील? तोंडातनं निघालं, "ताकदीची हाय, वस्ताद. हाडात ताकद येत्या."

"चांगली हाय?"

"एक नंबर."

"मग दे की जास्त."

असं म्हणून ते गेले. मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढची वेळ येत राहिली आणि मी तेच म्हणत राहिलो.

रोज तीन अशी पंधरा दिवसांची पुडी आठ दिवसांत संपायला लागली. "संपल्या," एवढंच म्हणायचे आणि हात पुढं करायचे. मला वाटलं म्हातारा हावरेपणानं दुप्पट खातोय. विचारायची टाप नव्हती, मी देत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "छाती भरल्यासारखी वाटते?" वस्ताद खूश होऊन म्हणाले, "व्हय, भरलीया जरा. गुण हाय गोळीला." पण कंबर काही ऐकेना. चौथ्या महिन्यात ते काठी टेकत आले. आखाड्याच्या हौद्याच्या कडेला पोराच्या खांद्यावर हात ठेवून बसावं लागतंय, म्हणाले. डॉक्टर परत परत एक्स-रे बघायचे. "औषध पोचतंय, छाती वाढते आहे, मग रोग का बसत नाही?" त्यांना काही उमगेना, आणि डोळ्यांदेखत माणूस खचत चाललेला.

मग एप्रिलच्या उन्हात बापू आला. बापू उचगावचा, वस्तादांचा पहिल्या नंबरचा पैलवान. चैत्राच्या मैदानात त्याची मोठी कुस्ती नुकतीच झाली होती आणि दोन मिनिटांत तो हरला होता. सगळी पेठ तोंडात बोट घालून बसली होती. त्या टळटळीत उन्हात तो अंगावर घोंगडी घेऊन दवाखान्यात आला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कंपौंडर, दार लावा."

दार लावलं. त्यानं घोंगडी काढली. एवढा डोंगराएवढा पोरगा, डोळ्यात पाणी.

"बनियन बी लागू देत न्हाय ओ. समोरच्या गड्यानं छाती माझ्या छातीवर टाकली आणि मी हातपाय गाळलं. कुणाला सांगू? पैलवान काय म्हणून हरला, तर बोंड दुखलं म्हणून?"

दुसऱ्या दिवशी आणखी एक घोंगडी आली. चार दिवसांत पाच. सगळ्यांनी एकमेकांपासून लपवून, सगळ्यांनी दार लावायला लावून. आमचे डॉक्टर, एरवी पापड मोडला तरी दचकणारे, एकदम तेजाळले. एकाच तालमीतले पाच जण, एकच लक्षण! त्यांना वाटलं आपल्याला नवा रोग सापडला. त्यांनी इंग्रजीत निबंध लिहायला घेतला, त्याला तालमीचं नाव द्यायचं असंही ठरवलं. संशय दुधावर. एका सकाळी ते दूध कट्ट्यावर जाऊन म्हशींची कास निरखू लागले. गवळी आधी बघत राहिला, मग म्हणाला, "डाक्टर, माणसं कमी पडली व्हय?" डॉक्टरांनी विचारलं, म्हशीला काही टोचता का? गवळ्यानं हातातली चरवी खाली ठेवली, तेव्हा मी डॉक्टरांना दंडाला धरून तिथनं काढलं.

"तालमीतलं दूध आणा," ते मला म्हणाले. "जे पितात ते सगळं बाटलीत भरून आणा."

मी संध्याकाळी बाटली घेऊन तालमीत गेलो. थंडाई चालली होती. ज्यांनी तालीम बघितली नाही त्यांना सांगतो, तिथं खुराक एकट्यानं खायचा नसतो. कुणाच्या घरनं बदाम येवोत, कुणाच्या घरनं खसखस, सगळं एका कुंडीत पडतं, दगडी कुंडीत कडुलिंबाच्या सोट्यानं घोटलं जातं, दुधात मिसळून सगळ्यांना सारखं वाटलं जातं. लपवून बदाम खाणाऱ्याला वस्तादांनी हाकलून दिल्याचं मी पाहिलेलं. तर बापू घोटत होता. वस्ताद कडेला पाटावर, एक हात कंबरेवर. त्यांनी अंगरख्याच्या खिशातनं पुडी काढली. पुडीवर माझं अक्षर होतं.

"एक. दोन. तीन," ते मोजून कुंडीत टाकत होते. पोरं चौदा, त्यांनी चौदा टाकल्या. पंधरावी स्वतःची. आठवड्यातनं तीनदा हे चालायचं, ते मला मागनं कळलं. "घोट रं नीट, कण राहता कामा न्हाय. महागाची वस्तू हाय."

माझ्या हातातली बाटली हौद्यातल्या मातीत पडली.

"आलास व्हय सदा? बस. ह्यानंच दिल्यात बरं का रं ह्या गोळ्या," त्यांनी पोरांना सांगितलं. चौदा पैलवानांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. "ह्याला बी द्या एक पेला."

तालमीत आलेल्यानं पेला नाकारायचा नसतो. मी प्यालो. चव चांगली होती.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. टेबलावरचा निबंध त्यांनी घडी करून टोपलीत टाकला. मग म्हणाले, "सदाशिव, त्या माणसाचे चार महिने गेले." ओरडले असते तर बरं झालं असतं. मी दवाखान्याच्या मागं जाऊन रडलो, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

वस्ताद आणि आक्का समोर बसले. डॉक्टरांनी ह्या वेळी काही माझ्यावर सोडलं नाही. त्यांच्या त्या हळू आवाजात, पुस्तकी शब्दांत, सगळं सांगितलं. कॅन्सर म्हणाले, हाडं म्हणाले, गोळ्या बायकांच्या हार्मोनच्या म्हणाले. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि दार किती पावलांवर आहे ते मोजत होतो. पण वस्तादांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"म्हंजे," ते म्हणाले, "पुरुषाच्या अंगातलं जे असतंय, त्येच्यावर ही गाठ वाढत्या."

"होय."

"जन्मभर मी जे राखलं, तेच आता मला खायला उठलंय व्हय?"

डॉक्टर खरं बोलणारे माणूस. म्हणाले, "राखण्या-न राखण्याचा संबंध नाही. ते सगळ्यांच्याच अंगात असतं."

"लगीन केलं असतं तरी?"

"तरी फरक पडला नसता."

ते ऐकून वस्तादांचा चेहरा असा झाला की तसा कॅन्सर ऐकूनही झाला नव्हता. आक्का पदराशी चाळा करत म्हणाली, "म्हंजे कागलच्या त्या पोरीला तू उगंच न्हाय म्हणलास." वरचा पंखा तेवढा करकरत होता.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. गोळ्या परत सुरू करायच्या, पण एकट्यानं खायच्या. नाहीतर ऑपरेशन करून दोन्ही वृषण काढायचे, आणि वाट बघायला वेळ नाही.

मग आक्काच कडाडली, "काढा की ओ! सत्तर वर्षं काय कामाला आलं? आता त्येचं काय लोणचं घालायचं हाय?"

डॉक्टर लाल झाले. मी तोंडावर हात धरला. आणि वस्ताद हसायला लागले. कंबर दुखत होती तरी हसले, डोळे पुसत हसले. म्हणाले, "काढा. एकट्यानं गोळ्या खायचं मला जमणार न्हाय. पण आधी पोरांस्नी सांगितलं पायजे. सदा, चल."

मी चप्पल एक आत, एक बाहेर अशी ठेवून तालमीच्या दारात उभा राहिलो. चौदा जण गोल करून बसले. वस्ताद पाटावर बसून बोलले, आणि त्यांचा आवाज तोच, सायकल थांबवणारा.

"थंडाईत मी माझ्या दुखण्याचं औषध घालत हुतो. ती बायकांच्या हार्मोनची गोळी हुती. म्हणून तुमच्या छात्या दुखत्यात. कसली गोळी ते मी नीट विचारलं न्हाय. चूक माझी. बापू, तुझी कुस्ती माझ्यामुळं गेली."

मी तोंड उघडलं. त्यांनी नुसता हात वर केला, मी मिटलं.

मागनं एक बारीक आवाज आला, "वस्ताद, आता आमी बायका हुणार व्हय?"

"झालास तर भाकरी तरी नीट करशील. रोज करपवतोस."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकमेकांच्या छातीकडं चोरून बघितलं, आणि तेव्हा कुठं त्यांना कळलं की हे सगळ्यांनाच झालंय. एक हसला, मग दुसरा, मग तालीम हादरली. वस्तादांनी ते होऊ दिलं. मग म्हणाले, "आणि परवा माझं दोन्ही काढणार हायत. काय कुजबुजायचं ते आत्ता माझ्या म्होरं कुजबुजा. माघारी न्हाय."

बापू उठला, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि परत जागेवर बसला. त्यामागून बाकीचे उठले.

ऑपरेशन सोपं असतं, पाऊण तासाचं. चौथ्या दिवशी वस्ताद काठी विसरून मोरीत गेले. आठव्या दिवशी कंबर दुखायची थांबली. डॉक्टरांनी हे अनेकदा पाहिलं होतं तरी ते पुन्हा पुन्हा जाऊन बघून यायचे. पोरांच्या छात्या तीन-चार महिन्यांत उतरल्या. बापूला पुढं दोन मुलं झाली, ही चौकशी मी मुद्दाम करून ठेवली आहे. त्याची ती कुस्ती मात्र परत कुणी लावली नाही, आणि तो मला भेटला की मी आधी नजर चुकवतो.

मी दर आठवड्याला तालमीत जायला लागलो. एकदा धीर करून विचारलं, "वस्ताद, गोळी ताकदीची म्हणून मी सांगितलं हुतं. पोरांस्नी तुम्ही माझी चूक का सांगितली न्हाय?"

"तू पाचव्या दिवशी पळून गेलेला माणूस," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर खरं बोलायची तुझी टाप कुठनं असणार? तुझी काय, कुणाचीच नव्हती. पन्नास वर्षं मी तसंच तोंड करून बसलो. मग खरं मला सांगणार कोण?"

तीन वर्षं बरी गेली. मग कंबर परत धरली, पायातली ताकद गेली. एक्स-रे मी स्वतः डॉक्टरांसमोर धरला. ते म्हणाले, "आता आपल्या हातात काही नाही. मी येतो सांगायला." मी म्हणालो, "नको. मी सांगतो."

तालमीत गेलो तेव्हा हौद्यात दोन पोरं झुंजत होती. वस्ताद खाटल्यावर बसून बघत होते, पायांवर घोंगडी. मी खाटल्याशेजारी जमिनीवर बसलो. त्यांच्या चेहऱ्याकडं बघूनच बोललो.

"वस्ताद, दुखणं परत आलंय. आता औषध न्हाय. दुखू नये म्हणून देतो ते देऊ, पण बरं करायचं औषध न्हाय."

ते हौद्याकडंच बघत होते.

"किती दिवस?"

"दिवाळी बघाल. शिमग्याचं मी सांगू शकत न्हाय."

"खरं सांगतोयस न्हवं?"

"खरं सांगतोय."

त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. केवढा जड हात होता तो. मग हौद्यातल्या पोरावर ओरडले, "ए, मान वर ठेव की! खाली काय सांडलंय व्हय तुझं?" आणि मला म्हणाले, "थांब जरा, सदा. एवढी कुस्ती बघून जा."

मी कुस्ती संपेपर्यंत थांबलो.